नव्या ब्रेक डिस्क बसवल्यावर गाडी थरथरते? या चुका टाळा

पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवे बसवले, सुरुवातीला ब्रेक उत्तम लागला, आणि मग महिना-दोन महिन्यांत महामार्गावर 90 च्या आसपास वेगाने जाताना ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरू लागले, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमी येते. तिला मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते: डिस्क आऊट झाली, म्हणजे वाकडी झाली, बदलावी लागेल. मालक दुसरी जोडी विकत घेतो, ती त्याच हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) त्याच पद्धतीने बसवली जाते आणि काही दिवसांनी थरथर पुन्हा सुरू होते. नव्या डिस्कनंतर उद्भवणाऱ्या थरथरीचे मूळ बहुतेक वेळा डिस्कच्या धातूत नसते. ते डिस्क ज्या हबवर टेकते त्या पृष्ठभागात आणि ती बसवण्याच्या पद्धतीत असते. म्हणून मोजमाप न करता पुन्हा नवी जोडी घेणे हीच या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक आहे.

थरथर लगेच का येत नाही

डिस्क फिरताना तिची कडा किंचित आत-बाहेर होते, त्याला रनआउट म्हणतात. हा हेलकावा थोडासा असेल तर ब्रेक लावल्यावर तो जाणवतही नाही, कारण पॅड धरून ठेवणारा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर आत-बाहेर होतो. खरे नुकसान होते ते ब्रेक लावलेला नसताना. पॅड डिस्कपासून अगदी थोड्या अंतरावर उभे असतात. त्यामुळे डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत एका पॅडला आणि त्याच्या समोरच्या बाजूचा भाग दुसऱ्या पॅडला हलकेच घासून जातो. मध्यम आकाराच्या गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे 1.9 मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक 520 च्या आसपास फेऱ्या मारते आणि 1,000 किलोमीटरमध्ये तीच जागा पाच लाखांहून अधिक वेळा घासली जाते. अशा घासण्याने डिस्क त्या ठिकाणी पातळ होत जाते किंवा पॅडचे साहित्य काही ठिकाणी जास्त चिकटत जाते, आणि डिस्कच्या जाडीत फरक पडतो.

ब्रेक थरथरवतो तो हा जाडीतला फरक. जाड भाग पॅडमधून जाताना पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर वाढतो, पातळ भाग येताच तो उतरतो. हीच चढउतार पायाला पेडलमध्ये आणि हाताला स्टिअरिंगमध्ये जाणवते. त्यासाठी फार मोठा फरक लागत नाही. एका फेरीत 0.02 मिलिमीटर एवढा फरकही अनेक गाड्यांमध्ये स्पष्ट कळतो. ताशी 80 ते 110 किलोमीटरच्या दरम्यान चाक सेकंदाला साधारण 12 ते 16 फेऱ्या मारते आणि सस्पेन्शन व स्टिअरिंगची स्वतःची कंपनसंख्या बहुधा याच टप्प्यात असते, म्हणून शहरात गप्प असणारी गाडी द्रुतगती मार्गावर थरथरते.

थरथर येण्याआधी गाडी किती चालली, हा त्यामुळे निदानाचा पहिला धागा ठरतो. गॅरेजमधून बाहेर पडताच थरथर सुरू झाली तर डिस्क सदोष असणे, दुसऱ्याच मॉडेलची असणे किंवा हबवर सरळ न बसणे शक्य आहे. दोन-तीन हजार किलोमीटर नीट चालल्यावर सुरू झाली तर बसवतानाचा रनआउट हाच पहिला संशयित.

आधी थरथर ब्रेकचीच आहे याची खात्री करा

ब्रेक न लावताही विशिष्ट वेगाला कंप येत असेल तर व्हील बॅलन्सिंग, टायर किंवा रिम तपासावे. डिस्कला हात लावण्याचे कारण नाही. ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर राहून सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागे पाहावे, कारण मागचे ड्रम लंबगोल झाले तरी पेडल तसेच उसळते. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडते ते एबीएसचे (चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) काम आहे, तो बिघाड नव्हे.

हब साफ न करता डिस्क चढवणे

सर्वाधिक नुकसान करणारी चूक ही आहे, आणि ती करायला काही सेकंद पुरतात. जुनी डिस्क हातोड्याने ठोकून काढली जाते, हबवर एखादे फडके फिरवले जाते आणि नवी डिस्क बसते. हब जवळून पाहिला तर मधल्या गोल उंचवट्याच्या मुळाशी आणि प्रत्येक स्टडभोवती (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या आटेदार दांड्याभोवती) तपकिरी गंजाची खपली दिसते. स्टडभोवतीची खपली विशेष घातक, कारण नट आवळल्यावर डिस्क तिथेच सर्वांत घट्ट दाबली जाते. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा गोव्यात चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या हबवर ही खपली नखाने उचलून निघते इतकी जाड झालेली असते.

तिचा परिणाम साध्या हिशोबाने कळतो. हबच्या ज्या पृष्ठभागावर डिस्क टेकते त्याचा व्यास 140 मिलिमीटर धरला आणि त्याच्या कडेला गंजाचा केवळ 0.05 मिलिमीटर जाडीचा कण राहिला, तर 250 मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो कण जवळजवळ 0.09 मिलिमीटरचा हेलकावा निर्माण करतो. डिस्क बसवल्यावर अनेक उत्पादक 0.05 ते 0.10 मिलिमीटरपर्यंतचाच रनआउट चालवून घेतात. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा एक कण ती सगळी मर्यादा खाऊन टाकतो.

म्हणून हब वायर ब्रशने किंवा हबसाठी मिळणाऱ्या घासणीच्या चकतीने चकाकेपर्यंत साफ करावा, स्टडची मुळे वेगळी घासावीत, धूळ पुसून घ्यावी आणि बोट फिरवून उंचवटा राहिला नाही ना हे पाहावे. धातू खरवडून टाकणारी जाड ग्राइंडिंग व्हीलची चकती मात्र हबवर कधीही चालवू नये. तिने पडलेला खड्डा परत भरून येत नाही. नंतर गंज येऊ नये म्हणून हबला ग्रीस थापण्याची सवयही चुकीची आहे. ग्रीसचा असमान थरही डिस्कला तिरकी करू शकतो. उत्पादकाने सांगितले असेल तरच अत्यंत पातळ हात फिरवावा.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी आणि हबला टेकणाऱ्या भागावरूनही काढावे. डिस्क खाली आपटली असेल तर तिचा टेकणारा भाग तपासल्याशिवाय ती बसवू नये.

मोजमाप टाळणे

डायल गेज (सूक्ष्म हेलकावा काट्यावर दाखवणारे उपकरण) आणि त्याचा चुंबकी स्टँड ही फार महाग साधने नाहीत, तरी बऱ्याच गॅरेजमध्ये ब्रेकच्या कामात ती बाहेर निघत नाहीत. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पाच-दहा मिनिटांच्या मोजणीने मालकाचे हजारो रुपये वाचतात आणि मेकॅनिकची पतही राखली जाते.

डिस्क हबवर चढवून, योग्य जाडीचे वॉशर घालून, सगळे नट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळावेत. नुसती टेकवलेली डिस्क मोजण्यात अर्थ नाही. व्हील बेअरिंगमध्ये खेळ नाही याची खात्री करून गेजचे टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे 10 मिलिमीटर आत टेकवावे, डिस्क हळूहळू पूर्ण फिरवावी आणि काटा कुठून कुठे गेला ते लिहून घ्यावे. सर्वांत उंच जागेवर खडूने खूण करावी.

आकडा जास्त आला तर लगेच डिस्कला दोष देऊ नये. डिस्क काढून एका स्टडने पुढे फिरवून पुन्हा बसवावी, म्हणजे चार स्टडच्या गाडीत 90 अंशांनी आणि पाच स्टडच्या गाडीत 72 अंशांनी, आणि पुन्हा मोजावे. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. ती हबच्या मूळ जागीच राहिली तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा, आणि मग कितीही महागड्या डिस्क आणल्या तरी थरथर जाणार नाही. अनेकदा हब आणि डिस्क या दोघांचा थोडाथोडा हेलकावा एकाच बाजूला जमलेला असतो; डिस्क फिरवून तो परस्परविरोधी बाजूंना आणला की आकडा मर्यादेत येतो आणि एक पैसाही खर्च होत नाही. मात्र डिस्क लहान स्क्रूने हबला धरून ठेवण्याची सोय असलेल्या गाड्यांत ती बहुधा एकाच जागी बसते, हे ध्यानात ठेवावे.

जाडी मोजण्यासाठी मायक्रोमीटर हवा. डिस्कवर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी जाडी घ्यावी. साधा व्हर्निअर येथे पुरत नाही, कारण त्याचे लघुतम माप बहुधा 0.02 मिलिमीटर असते आणि आपण शोधत असलेला फरकच तेवढा आहे.

नट आवळण्याची घाई

इम्पॅक्ट गनने एका ओळीत कडकड नट मारून चाक बसवणे ही टायरच्या दुकानात रोज दिसणारी गोष्ट. नट असमान आवळले गेले की डिस्कचा मधला भाग असमान दाबला जातो आणि हेलकावा वाढतो. नट आधी हाताने लावावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळावेत आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानेच द्यावा. छोट्या आणि मध्यम गाड्यांसाठी हा आकडा सर्वसाधारणपणे 85 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. पंक्चर काढल्यानंतर किंवा टायर रोटेशननंतर थरथर सुरू झाली असेल तर सर्वांत आधी नट सैल करून नीट आवळून पाहावेत.

जुने पॅड, अडकलेल्या पिना

पॅड अजून अर्धे शिल्लक आहेत म्हणून तेच नव्या डिस्कवर लावले जातात. जुन्या डिस्कच्या खाचांनुसार झिजलेला पॅड नव्या सपाट डिस्कला थोड्याच जागी टेकतो, तिथे उष्णता साचते आणि साहित्य ठिपक्याठिपक्यांनी चिकटते. डिस्क नवी तर पॅड नवे, आणि दोन्ही चाकांचे एकत्र, हा नियम मोडू नये.

कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने मोकळ्या हलल्या पाहिजेत. पिन अडकली की एक पॅड सतत डिस्कला चिकटून राहतो. त्यांना रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस लावावे, बेअरिंगचे साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते. पॅड ज्या खाचेत बसतात तिथला, विशेषतः स्टीलच्या पट्ट्यांखालचा गंज काढावा. प्रवासानंतर एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापत असेल तर त्या बाजूचा पिस्टन, पिना आणि ब्रेकची रबरी नळी तपासावी.

पहिले तीनशे किलोमीटर

नव्या डिस्क आणि पॅड एकमेकांना बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, अर्धा मिनिट ब्रेक न लावता गाडी चालवत राहून ब्रेक थंड होऊ द्यावा आणि असे वीस-तीस वेळा करावे. याने पॅडच्या साहित्याचा सारखा, पातळ थर डिस्कवर बसतो. उत्पादकाची वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळावी.

आपल्याकडे घाट हा या काळातला मोठा धोका आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाट वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरायचा आणि पायथ्याशी चहासाठी थांबताना पेडल दाबूनच ठेवायचे, यात तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून राहतो आणि तिथे त्याचा ठसा उमटतो. खाली आल्यावर त्या जागी पॅडच्या आकाराचा गडद डाग दिसतो. पुढे त्या डागावर जास्त घर्षण, म्हणून जास्त उष्णता होते, आणि फार तापल्यास तिथला बीडाचा (डिस्कच्या ओतीव लोखंडाचा) पोतच बदलून कठीण ठिपके तयार होतात. ते पॉलिश पेपरने घासून जात नाहीत. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडावा, आणि थांबण्याआधी सपाट रस्त्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता चालवावे. सपाट जागी थांबल्यावर गाडी हँडब्रेकवर ठेवून पेडल सोडावे. मागच्या चाकांना ड्रम असतील तर पुढच्या डिस्कवर त्याचा काही ताण येत नाही.

फेसिंगचा मोह

थरथर आली की डिस्क काढून लेथवर फेसिंग करण्याचा, म्हणजे तिचा पृष्ठभाग कातून सपाट करण्याचा, सल्ला मिळतो. लेथवर डिस्क सपाट होते हे खरे, पण ती लेथच्या अक्षाशी जुळते, गाडीच्या हबशी नव्हे. दोष हबमध्ये असेल तर तो जसाच्या तसा राहतो. गाडीवरच डिस्क कातणारे यंत्र उपलब्ध असेल तर ते या बाबतीत अधिक योग्य. कोणत्याही परिस्थितीत डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होता कामा नये, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि जोरात ब्रेक लावताना तडकू शकते.

सगळे मोजून मर्यादेत आले तरी थरथर राहिली तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके पाहावीत. झिजलेले बुश थरथर निर्माण करत नाहीत, पण चांगल्या बुशांनी गिळून टाकली असती ती क्षुल्लक थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचू देतात. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत हे कारण वारंवार सापडते.

काम गॅरेजमध्ये देताना तीन गोष्टी आधीच स्पष्टपणे सांगाव्यात: हब साफ केल्यावर डिस्क चढवण्यापूर्वी मला दाखवा, डिस्क आवळल्यावर दोन्ही चाकांचा रनआउट डायल गेजवर मोजा, आणि ते दोन आकडे जॉबकार्डवर किलोमीटरच्या नोंदीशेजारी लिहा. पुढे थरथर आलीच तर पुन्हा घेतलेले माप या आकड्यांशी ताडून पाहता येते आणि वॉरंटीचा दावा डिस्क विकणाऱ्याकडे करायचा की बसवणाऱ्याकडे, हे वाद न घालता ठरते.