आधीचा आकडा नव्हता

विद्यापीठात शिकवायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत आणि आपल्या विषयातून शाश्वत विकासाचं काही काम उभं करावं असं मनात घोळतंय, अशांसाठी हे लिहिते आहे. व्याख्या सांगत बसत नाही. शाश्वत विकासाची व्याख्या देणारा ब्रुंटलँड आयोगाचा १९८७ चा अहवाल, संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ शाश्वत विकास ध्येयं आणि १६९ लक्ष्यं, त्यातलं शिक्षणाबद्दलचं लक्ष्य ४.७, हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. मला जे सांगायचंय ते कळायला माझी दोन वर्षं गेली, आणि अजूनही आठवलं की पोटात कसंतरी होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक ऐच्छिक पेपर सुरू केला. कॅम्पस हीच प्रयोगशाळा, अशी कल्पना होती. वसतिगृहाच्या एका इमारतीतल्या सगळ्या नळांना आम्ही एरेटर बसवले, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणाऱ्या जाळ्या. १० लिटरची बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मुलांनी मोजलं. जुन्या नळाखाली बादली ५० सेकंदांत भरत होती, जाळी लावल्यावर १ मिनिट ४० सेकंद लागले. मिनिटाला १२ लिटरचे ६ झाले. मुलं हरखून गेली, मीही. ‘पाण्याचा वापर निम्म्यावर’ असं पोस्टर लागलं, कोपऱ्यात सहाव्या, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या, ध्येयाचं निळं चिन्ह. मग मी शोधनिबंध लिहून पाठवला.

तो परत आला. परीक्षकाने एकच गोष्ट विचारली होती: बदल करण्याआधीचं मोजमाप कुठे आहे?

ते नव्हतंच. पाण्याचा मीटर आम्ही जाळ्यांबरोबर त्याच आठवड्यात बसवला होता. नंतरचे तीन महिने रोजची रीडिंग होती, आधीचं एकही नाही. आधीचा आकडा आम्ही नळांची संख्या, धार आणि माणशी नळ किती मिनिटं चालतो याचा अंदाज असा गुणाकार करून काढला होता. अंदाज आमचाच, त्यामुळे उत्तरही आमच्या मनासारखं आलं.

हे जरा उकलून सांगते, कारण हुशार माणसंसुद्धा इथेच घसरतात. धार निम्मी झाली म्हणजे वापर निम्मा होत नाही. वाहत्या नळाखाली हात धुताना पाणी वाचतं, हे खरं. पण बादली भरायची असेल तर बादली तेवढीच असते. धार बारीक झाली तर वेळ दुप्पट लागतो, पाणी तेवढंच लागतं. संडासाच्या फ्लशचा तर या जाळीशी काही संबंधच नाही. आणि सकाळी रांग लागलेली असताना बादली भरायला दुप्पट वेळ लागला की माणूस काय करणार? जाळी काढून ठेवणार. तसंच झालं होतं. नंतर मोजायला गेलो तेव्हा दोन मजल्यांवरच्या निम्म्याहून जास्त जाळ्या गायब होत्या. ज्यांच्यासाठी बसवल्या त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं. वर आमच्या तीन महिन्यांत परीक्षेनंतरची सुट्टी येत होती. अर्ध्या खोल्यांना कुलूप. मीटर कमी आकडा दाखवणारच.

कार्यक्षमता वेगळी आणि एकूण वापर वेगळा, हे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबद्दल मांडलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली आणि देशाचा एकूण कोळसा मात्र वाढत गेला. मी हे वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तरीही स्वतःच्या प्रकल्पात धार आणि वापर यांची गल्लत केली.

काम वाचवलं ते पंप चालवणाऱ्या काकांनी. मी त्यांना सहज विचारलं, पूर्वी मोटार किती वेळ चालायची? त्यांनी खिळ्याला सुतळीने टांगलेली वही काढून दिली. तारीख, सुरू, बंद, सही. चार वर्षांच्या नोंदी, ओल्या बोटांनी पानं फुगलेली. प्रकल्प सुरू झाल्यापासून मी त्या खोलीच्या दारावरून रोज जात होते.

त्या वहीतून आम्ही आधीचा आकडा उभा केला. मोटार चालू असताना टाकीची पातळी अर्ध्या तासात किती सेंटिमीटर चढते ते मोजलं, टाकीच्या क्षेत्रफळाने गुणलं, तासाचा पुरवठा मिळाला. मग दर महिन्याचे मोटारीचे तास, आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष राहणारे विद्यार्थी. माणशी वापर काढला तेव्हा फरक उरला अगदी किरकोळ. तो जाळ्यांमुळे होता असंही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं, कारण शेजारच्या, जाळ्या न बसवलेल्या इमारतीचे आकडे आमच्याकडे नव्हते. तुलनेला दुसरी इमारत असती आणि दोन्हीकडे आधी-नंतर मोजलं असतं, तर निदान बोलता आलं असतं. पर्यावरणशास्त्रात ही मांडणी जुनी आहे. मी ती वाचली होती, वापरली नव्हती.

वही बघता बघता काकांनीच आणखी एक गोष्ट सांगितली: सुट्टीतसुद्धा मोटार रोज लावावी लागते. मग आम्ही रात्री २ ते ४ टाकीत येणारं पाणी बंद ठेवून पातळी बघितली. सगळे झोपलेले, तरी पाणी उतरत होतं. गळती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लशच्या टाक्यांचे वायसर झिजले होते, आणि त्यातून रात्रंदिवस पाण्याची बारीक रेघ वाहत होती. वायसर बदलल्यावर रात्रीची पातळी जागच्या जागी राहिली. एवढ्या जाळ्यांनी जे झालं नाही ते मूठभर रबरी चकत्यांनी झालं. वर्षभरातलं आमचं पहिलं खरं निरीक्षण ते.

म्हणून सांगते: कशालाही हात लावण्याआधी मोजा. निदान एक पूर्ण सत्र, जमलं तर एक वर्ष, म्हणजे सुट्ट्या, परीक्षा, ऋतू सगळे त्यात येतात. कॅम्पसच्या कार्बनचा हिशेब करणार असाल तरी हेच. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीत आधारवर्ष, म्हणजे पुढची तुलना ज्याच्याशी करायची ते वर्ष, ठरवायला सांगितलंय ते उगीच नाही. आणि तिथे विजेच्या बिलावर थांबू नका. खरेदी, प्रवास, लोकांचं रोजचं येणं-जाणं हा तिसरा स्कोप, म्हणजे आपल्यामुळे पण आपल्या आवाराबाहेर होणारं उत्सर्जन, विद्यापीठांत बहुधा सगळ्यात मोठा निघतो, आणि नेमका तोच मोजायला नको वाटतो.

‘सत्र संपतं, मोजत बसलो तर मुलांना काय दाखवणार?’ हा प्रश्न मलाही पडायचा. याचं उत्तर असं की एका बॅचने मोजावं, पुढच्या बॅचने बदल करावा. पहिल्या बॅचला श्रेय मिळेल अशी गुणपद्धत मात्र तुम्हालाच आखावी लागते. आम्ही ४० गुण कच्च्या नोंदवहीला ठेवले, निष्कर्षाला फक्त २०. आकडा मनासारखा आला नाही म्हणून कुणाचे गुण जात नाहीत हे कळल्यावर मुलं खरे आकडे लिहायला लागली.

आता आडवाटांबद्दल. जुन्या अभ्यासक्रमावर सतरा रंगांची चिन्हं चिकटवणं ही सगळ्यात मोहाची आडवाट आहे. याच ध्येयांवरच्या कामानुसार विद्यापीठांना क्रम देणारी टाइम्स हायर एज्युकेशनची इम्पॅक्ट क्रमवारी २०१९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर कुठला पेपर कुठल्या ध्येयात बसतो याच्या याद्या करणं हे जणू स्वतंत्र कामच झालं. ते काम नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. पहिली तीन वर्षं शक्य तेवढं टाळा. नाही म्हणता आलं नाही तर वेळ ठरवून घ्या, कारण त्याने ना शिकवणं सुधारतं, ना संशोधन. जाहीरनाम्यांचंही तसंच. विद्यापीठांनी शाश्वततेसाठी काय करावं हे सांगणाऱ्या १९९० च्या दहा कलमी तालुआर जाहीरनाम्यावर ५०० हून जास्त विद्यापीठांच्या प्रमुखांनी सह्या केल्या आहेत. सही चांगलीच, पण तुमच्या वर्गात सोमवारी सकाळी काय होणार ते तुम्हीच ठरवायचं असतं.

मार्गदर्शक निवडताना नावावर जाऊ नका. ‘तुझी कच्ची शीट दाखव’ असं म्हणणारा माणूस शोधा. माझा पहिला मसुदा दोन मोठ्या माणसांनी वाचला होता. दोघांनी प्रस्तावनेची वाक्यं सुधारली, आधीचा आकडा कुणी मागितला नाही. आणि आपला मूळ विषय सोडू नका. आंतरविद्याशाखीय म्हणत सगळीकडे थोडं थोडं करणाऱ्याचा शोधनिबंध कुठलीच पत्रिका आपला मानत नाही. एक पाय घरात ठेवून दुसरा बाहेर टाका.

नवा अभ्यासक्रम मंजूर होत नाही म्हणून खचायचं कारण नाही. अभ्यासमंडळाला वेळ लागतो, लागू द्या. तोवर आहे त्या पेपरमधला एक प्रश्न बदला. संख्याशास्त्र शिकवत असाल तर उदाहरणाला पाण्याच्या रीडिंग घ्या. लेखाशास्त्र असेल तर विचारा, गळणाऱ्या पाण्याचा खर्च ताळेबंदात कुठे दिसतो? एवढ्याने सुरुवात होते, आणि यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

माझा तो निबंध पुढे वेगळ्या रूपात छापून आला. विषय जाळ्यांचा नव्हता, रात्रीच्या गळतीचा होता. पंपावरच्या काकांचं नाव लेखकांच्या यादीत आहे. त्यासाठी मला वाद घालावा लागला, आणि तो मी पुन्हाही घालीन. नवी बॅच आली की पहिले दोन आठवडे आम्ही काहीच बदलत नाही. मुलं पंपाच्या खोलीत जातात, वहीची पानं उतरवून घेतात, आणि अक्षर लागलं नाही तर काकांना विचारतात.