वॉर्डात नवीन लागताय? आधी श्वास मोजायला शिका

हाउसपोस्टला, म्हणजे वॉर्डात ज्युनियर डॉक्टर म्हणून, येणारे सगळे एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर काय करायचं त्याचे नियम, घोकून येतात. घोकाच. मिनिटाला 100 ते 120 कॉम्प्रेशन (छाती दाबणं), 5 ते 6 सेमी खोल, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, ॲड्रेनालिन 1 मिग्रॅ दर 3 ते 5 मिनिटांनी, हे झोपेतही आलं पाहिजे. पण वॉर्डातला अरेस्ट (हृदय बंद पडणं) बऱ्याचदा अचानक येत नाही, काही तास आधीपासून पेशंटचं बिघडत असतं आणि आपलं लक्ष भलतीकडंच.

चार्टवर रेस्पिरेटरी रेट (मिनिटाला किती श्वास) बघा. सगळ्यांचा 20, रात्रभर 20, म्हणजे कुणी मोजलेलाच नाही. मी पण त्या 20 वर आणि सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनच्या) 96 टक्क्यांवर विसंबायचो, ती सवय सुटायला लई वेळ गेला म्हणून लांबण लावतोय. सॅच्युरेशन उशिरा पडतं. पेशंट जोरजोरात श्वास घेऊन ते टिकवून धरतो, त्यात ऑक्सिजन लावलेला असला की अजूनच झाकलं जातं. सेप्सिस (संसर्गाने अवयव बिघडणं) असो, ॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) असो, श्वास आधी वाढतो. घड्याळ बघून पूर्ण 60 सेकंद मोजा, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. 25 किंवा वर गेला तर न्यूज स्कोअरमध्ये (पेशंट किती बिघडलाय ते दाखवणारे गुण) एकट्या त्याचे 3 पॉइंट, सिनियरला उठवा. रात्री फोन केला म्हणून ओरडणारा सिनियर शिकवणारा नसतोच, हे माझं ठाम मत.

आपल्याकडं जळगाव-धुळ्याला कपाशीच्या फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट येतात. ॲट्रोपिनने, म्हणजे उताऱ्याच्या इंजेक्शनने, लाळ, घाम आटोक्यात येतं, घरचे निवांत होतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. तिथं ॲट्रोपिन वाढवून काही होत नाही, व्हेंटिलेटर लागतो. प्रत्येक राउंडला उशीवरून मान उचलायला लावा, उचलत नसेल तर लगेच आयसीयूला कळवा, सॅच्युरेशन कितीही छान दिसो. नातेवाईक म्हणाले, "साहेब, आबा कसातरी करी राह्यनात", तर उठून जा. जुन्या सिस्टर म्हणाल्या तर पळत जा, कुठल्याही क्रॅश कोर्सपेक्षा त्यांची नजर भारी.

आणि अरेस्ट झालाच तर हात सगळ्यांचेच थरथरतात, ते कॉम्प्रेशन सुरू केलं की थांबतं. नाडी शोधण्यात 10 सेकंदांच्या वर घालवू नका, मधेच येणारा गॅस्प (आचका) म्हणजे श्वास नव्हे. मॉनिटरवर व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) दिसलं की शॉक, सपाट रेषेला शॉक नाही. एकाने मोठ्याने अरेस्टची संभाव्य कारणं म्हणत राहायचं, ऑक्सिजन, पोटॅशियम, रक्तस्राव. डिफिब (शॉक द्यायचं मशीन) चार्ज आहे का, लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना बघायच्या साधनाचा) बल्ब लागतो का, हे ड्युटीवर आल्या आल्या स्वतः बघा, रजिस्टरमधल्या टिकमार्कवर जाऊ नका.