रस्त्याच्या कामाचे कागद माहिती अधिकारात कसे मागावेत

‘आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ असे अर्जात विचारले की उत्तर ठरलेले: ‘प्रश्नार्थक माहिती देणे अभिप्रेत नाही.’ बहुतेक वेळा ते बरोबरही असते. माहिती अधिकार अधिनियम, 2005 दप्तरात आहे तेवढेच देतो. कारणे शोधून देत नाही. म्हणून कागद नावाने मागा.

रस्त्यासाठी ही नावे: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके, साहित्याचे चाचणी अहवाल आणि दोष दायित्व कालावधीची (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीची) अट असलेले निविदेचे पान. यात मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत एम.बी., सर्वांत मोलाची. लांबी, रुंदी, जाडी तिच्यात नोंदवूनच बिल निघते. ती हातात आली की टेप घेऊन निदान लांबी-रुंदी तुम्हीच ताडून पाहू शकता. कायद्याने साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, पण हा हक्क फारसा कोणी वापरत नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये (म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात), एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. कामाचे नाव, प्रभाग आणि कालावधी लिहा. ‘सर्व माहिती’ लिहिलेत की ‘माहिती मोघम आहे’ असे उत्तर आलेच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडला की शुल्क नाही. कारण विचारले तर कलम 6(2) दाखवा, ते सांगणे बंधनकारक नाही. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, माहिती देण्याची मुदत त्या तारखेवरून मोजतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम.

फाइल जाडजूड असेल तर आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून फाइल पाहणे, मागा. पहिला तास मोफत असतो. हवी ती पाने निवडून मग प्रती घ्या, पानाला 2 रुपये. जिल्हास्तरीय कार्यालये आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अर्जाशिवायही अभिलेख पाहू देण्याचे शासनाचे आदेश 2018 पासून आहेत.

माहितीची मुदत 30 दिवस. मात्र प्रतींचे पैसे भरा असे पत्र आले की भरणा होईपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. अनेकांचे अर्ज इथेच पडून राहतात, म्हणून लगेच भरा. मुदत उलटल्यावर मात्र प्रती मोफत, कलम 7(6).

उत्तर नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टँप लावून जोडपत्र ‘ब’मध्ये प्रथम अपील करा. त्यावर 30, फार तर 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा. तिथेही निभावले नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोग जनमाहिती अधिकाऱ्याला (अर्जावर माहिती देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो.

‘अभिलेख आढळून येत नाही’ एवढेच उत्तर आले, तर अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा उल्लेख करून शोध घेण्याचे आणि जबाबदारी निश्चित करण्याचे आदेश मागा. हरवलेली फाइल त्यानंतर पुष्कळदा सापडते.