समविभव रेषांचं प्रॅक्टिकल: नव्याने करणाऱ्यांसाठी

एफवायबीएस्सीला समविभव रेषांचं (सारखं विभव, म्हणजे सारखे व्होल्ट असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषांचं) प्रॅक्टिकल आलं की बरीच मुलं ठिपके जोडून, जर्नलवर सही घेऊन मोकळी होतात. मी त्यांना थांबवतो. विद्युत क्षेत्र एरवी फळ्यावरच्या बाणांतच भेटतं. इथे ते प्रोबच्या टोकाने चाचपता येतं.

काचेच्या ट्रेखाली आलेख कागद, ट्रेमध्ये नळाचं पाणी, १० सेंमी अंतरावर समोरासमोर दोन पितळी पट्ट्या आणि त्यांना १० व्होल्ट एसी. मल्टिमीटरची काळी वायर एका पट्टीला, दुसरी वायर म्हणजे पाण्यात फिरवायचा प्रोब. डीसी नको, पट्ट्यांवर बुडबुडे धरतात आणि रीडिंग सरकत राहतं. ट्रे सपाट आहे ना, तेही बघा. एका पट्टीकडे पाणी उथळ असेल तर त्या बाजूला रेषा दाटतात.

मधल्या भागात दर सेंटिमीटरला एक व्होल्ट मिळतो, म्हणजे क्षेत्र १०० व्होल्ट प्रति मीटर. रेषा जवळजवळ आल्या तर क्षेत्र जास्त. क्षेत्ररेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, त्यांना काटकोनातच का छेदतात? क्षेत्राचा थोडाही घटक समविभव रेषेच्या दिशेने असता, तर तिच्यावरून प्रभार नेताना कार्य घडलं असतं आणि विभव बदललं असतं. तोंडी परीक्षेत एवढं सांगता आलं तरी पुरे. समविभव रेषा ट्रेच्या भिंतीलाही काटकोनात भिडतात, ते बघून मुलं दचकतात. पण काचेतून प्रवाह जात नाही, तो भिंतीला समांतरच वाहणार!

आता खरी गंमत. पट्ट्यांच्या बरोबर मधे पितळी कडं ठेवा. आत कुठेही प्रोब लावा, ५ व्होल्टच. विभव आहे, क्षेत्र नाही. मग मल्टिमीटरची काळी वायर पट्टीवरून काढून कड्याला लावा: आतलं रीडिंग शून्य, बाहेरचेही आकडे बदललेले, रेषा मात्र जागच्या जागी. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो. क्षेत्राला फक्त विभवाचा उतार कळतो. (एसीवर मीटर ऋण चिन्ह दाखवत नाही, म्हणून कड्याच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे दिसतील. गोंधळू नका.)

पुढे इलेक्ट्रिकलकडे वळणाऱ्यांना हेच जमिनीवर भेटतं. वीजवाहक तार तुटून पडली की तिच्याभोवती जमिनीत समविभव वर्तुळं तयार होतात, तारेजवळ दाट. लांब टांग टाकली की दोन पायांमध्ये विभवांतर येतं, म्हणून पाय जुळवून, सरपटत्या बारीक पावलांनी लांब जायला शिकवतात. गुरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब, शिवाय प्रवाहाची वाट छातीतून. त्यामुळे माणूस वाचतो तिथे बैल दगावू शकतो.