जिंकलेल्या डावांची वही कशी ठेवावी

ऑनलाइन बुद्धिबळात हरलेला डाव रात्रभर डोक्यात घोळतो. जिंकलेला मात्र पुढच्या डावाची पहिली चाल पडेपर्यंत विसरलेला असतो. मग कधीतरी सोलापुरात पार्क चौकात चहाच्या गाडीवर कुणीतरी म्हणतं, "एखादा भारी डाव दाखव की बे." आपण मोबाइलवरची शेकडो डावांची यादी वर-खाली सरकवत राहतो, आणि तो डाव सापडेपर्यंत चहा निवून जातो.

यावर उपाय म्हणजे वही. हौशी खेळाडूला दहा-पंधरा निवडक विजय पुरतात. आपण का जिंकलो हे ज्या डावाबद्दल आपल्या शब्दांत सांगता येत नाही, तो डाव आपल्या खात्यावर असला तरी आपला नव्हे. वही ठेवायची ती या एका कसोटीवर.

आधी चाळणी लावा

समोरच्यानं सहाव्या चालीला वजीर फुकट दिला, त्याचं नेट गेलं, किंवा एक मिनिटाच्या बुलेटमध्ये घड्याळ संपून तो हरला, असे डाव सरळ बाजूला काढा. त्यातून रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) मिळतं, आठवण मिळत नाही.

मग समोरच्याचं रेटिंग बघा. ईलो या रेटिंग काढायच्या पद्धतीच्या सूत्रानं आपल्यापेक्षा रेटिंगमध्ये २०० नं वरच्या खेळाडूविरुद्ध शंभर डावांत सरासरी २४ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळणं अपेक्षित असतं. ४०० चं अंतर असेल तर जेमतेम ९. म्हणजे दोनशे वरच्याला हरवणं छान असलं, तरी दर चार-पाच डावांमागे एकदा ते व्हायचंच. चारशे वरच्याला हरवलंत तर तो डाव नीट बघण्यासारखा आहे. 'बघण्यासारखा' म्हटलंय, 'ठेवण्यासारखा' नाही. मोठ्या रेटिंगवालाही दमून, जेवता-जेवता खेळत असतो.

वेळेचं म्हणाल तर दहा मिनिटं किंवा त्याहून मोठे डाव आधी घ्या, कारण त्यात विचार केलेला असतो. अशा डावांना रॅपिड म्हणतात. रॅपिड म्हणजे दुय्यम, असं मानणाऱ्यांसाठी एक आठवण: नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीविरुद्धचा निकाल रॅपिडच्या टायब्रेकमध्येच (बरोबरी फोडायच्या डावांत) लागला होता.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव शोधायचं वेगळं पान आहे. त्यात विजेता म्हणून आपलं नाव टाका, खेळाचा प्रकार आणि तारीख निवडा, चालींची संख्या वाढवून ठेवा. लांबलेले डाव वर आले की त्यातले एंडगेम, म्हणजे थोडे मोहरे उरल्यावरचा शेवटचा टप्पा, तपासा. मला विचाराल तर हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्ये एकाच जादा प्याद्यावर काढलेला डाव, वजीर देऊन मात केलेल्या डावापेक्षा मोठा. मात करणारी खेळी कधीकधी समोरचाच आपल्या हातात देतो. एंडगेम मात्र तासून काढावा लागतो. लोकांना दाखवायला वजीर दिलेला डावच लागतो, हेही खरं. तोही एखादा ठेवा.

आणखी एक प्रकार हमखास ठेवा: पूर्ण हरलेल्या स्थितीतून वाचवून जिंकलेला डाव. इंजिनच्या, म्हणजे चाली तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मते तो दोन्ही बाजूंनी वाईट असतो. पण एक मोहरा कमी असताना राजीनामा न देता आपण समोरच्यापुढे कोणता अवघड प्रश्न टाकला, हे त्यातून दिसतं.

डाव उतरवून घ्या

खातं बंद पडतं, पासवर्ड विसरतो, संकेतस्थळाची रचना बदलते. म्हणून डाव पीजीएन स्वरूपात उतरवून घ्या. हे स्वरूप १९९३ मध्ये स्टीव्हन एडवर्ड्स यांनी मांडलं. त्याची खुबी एवढीच की ती साधी मजकुराची फाइल असते. कुठल्याही मोबाइलवर उघडते, स्वतःलाच मेल करता येते, आणि बुद्धिबळाचं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचतं. लिचेस आणि चेस डॉट कॉम दोन्हीकडे डाव उघडून डाउनलोडचा पर्याय निवडला की ती मिळते. लिचेसच्या फाइलमध्ये प्रत्येक चालीपाशी घड्याळात किती वेळ उरला होता, तेही घेता येतं. ते घ्याच, पुढे लागणार आहे.

सगळे डाव एकत्र ठेवायला लिचेसवरची 'स्टडी' सोयीची पडते. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, म्हणजे आयुष्यभराची वही एकीतच बसेल. ती सुरुवातीला खासगी ठेवा. प्रत्येक चालीखाली देवनागरीत शेरा लिहिता येतो. सोलापूरच्या पूर्व भागातला माझा एक मित्र त्याचे शेरे तेलुगूत लिहितो आणि मध्येच मराठीवर येतो. काही बिघडत नाही. वही त्याची आहे.

सोबत कागदाची वहीही असू द्या. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना वाटेत रेंज येते-जाते. चालू डाव तिथं खेळू नये, पण वही उघडून जुना डाव डोक्यात चालवून बघायला तो वेळ चांगला.

इंजिन बंद ठेवून लिहा

बहुतेक जण इथंच चुकीच्या क्रमानं जातात. डाव संपला की लगेच विश्लेषणाचं बटण दाबतात, आणि मग स्वतःला काय वाटलं होतं ते पुन्हा आठवतच नाही. आधी स्वतः लिहा, तेही त्याच दिवशी.

प्रत्येक चालीवर शेरा नको. घड्याळाचे आकडे बघा. जिथं तुम्ही एका चालीला दीड-दोन मिनिटं घेतली, तिथंच डावाचा जीव आहे. तिथं थांबून लिहा: मनात कोणत्या चाली होत्या, भीती कशाची वाटत होती, शेवटी हीच चाल का केली.

नमुना म्हणून एक जुना सापळा घेऊ. अठराव्या शतकातले फ्रेंच खेळाडू लेगाल, म्हणजे फिलिडोरचे गुरू, यांच्या नावानं तो ओळखला जातो आणि ऑनलाइन आजही लागतो. (अक्षर आणि आकडा मिळून पटावरचं घर; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) पांढरा ई४, काळा ई५. मग घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, डी६. घोडा सी३, उंट जी४. आता पांढरा एच३ खेळून उंटाला हुसकावतो आणि काळा उंट एच५ वर नेतो. पांढरा घोड्यानं ई५ चं प्यादं मारतो आणि मागचा वजीर उघडा टाकतो. काळ्यानं वजीर घेतला की पांढरा उंट एफ७ चं प्यादं मारून शह देतो, काळा राजा ई७ वर जातो, आणि दुसरा घोडा डी५ वर येऊन मात.

हा डाव तुम्ही जिंकलात आणि वहीत नुसतं "वजीर देऊन मात" लिहिलंत, तर तो शेरा निकामी आहे. लिहायचं हे: काळ्यानं वजीर घेतलाच नसता आणि सी६ च्या घोड्यानं ई५ चा घोडा मारला असता तर? तर वजीर एच५ चा उंट घेतो. काळा घोडा सी४ चा उंट मारतो, तेव्हा वजीर बी५ वरून शह देऊन तो घोडा परत मिळवतो, आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त उरतं. म्हणजे खेळी नुसता सापळा नव्हती, खरी होती. पुढे हेही लिहा की एच३ आधी झाली नसती तर हीच खेळी अंगाशी आली असती. तेव्हा काळा उंट जी४ वरच असता आणि ई५ वर आलेल्या काळ्या घोड्याचा त्याला जोर मिळाला असता, त्यामुळे वजिरानं तो घेता आला नसता. सगळा फरक एच३ या बारक्या चालीचा. असा एक शेरा नीट लिहिलात तर पुढच्या वेळी तुम्ही सापळा पाठ म्हणून खेळणार नाही, स्थिती बघून खेळाल.

आता इंजिन लावा

लिचेसवर स्टॉकफिश या इंजिनचं विश्लेषण फुकट मिळतं. चेस डॉट कॉमवर फुकटच्या सभासदाला ते मर्यादित मिळतं. इंजिनचं म्हणणं वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहा. आपला आधीचा शेरा खोडू नका, चुकीचा निघाला तरीही.

आकड्यांचा अर्थ ढोबळमानानं असा की अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी. अधिक सहावरून अधिक तीनवर आलात की इंजिन चूक दाखवील. पण तुम्ही वजिरांची मारामारी करून सोपा जिंकता एंडगेम घेतला असेल, तर माणसासाठी ती बरोबर चाल आहे, आणि तसं वहीत ठणकावून लिहा. संकेतस्थळ दाखवतं तो अचूकतेचा टक्का तर उतरवूच नका. समोरचा कच्चा असला की हा टक्का कुणाचाही नव्वदीत जातो.

कुणाला दाखवायचं

नुसती लिंक पाठवली की अंगठा येतो, डाव कुणी बघत नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो आणि रात्री सगळे गच्चीवर असतात, तेव्हा खरा पट मांडा. मोक्याच्या चालीपर्यंत डाव आणून थांबा आणि विचारा, "इथं तू काय खेळशील?" मित्रानं तुमच्यापेक्षा सरस चाल सुचवली तर तीही वहीत जाते, त्याच्या नावानिशी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र कुणाला बोलवू नका, कुणी येणार नाही.

डाव बाहेर टाकायचा असेल तर समोरच्याचं खात्याचं नाव काढून 'प्रतिस्पर्धी' एवढंच ठेवा. त्याची वाईट चाल जगाला दाखवायला त्यानं परवानगी दिलेली नाही. आणि ज्याला हरवलंत त्याचं खातं पुढे इंजिन वापरल्याबद्दल बंद झालेलं दिसलं, तर तो डाव वहीतून काढू नका. शेऱ्यात तेवढी एक ओळ वाढवा.