आमदाराची कारकीर्द कागदपत्रांतून कशी तपासावी

आपल्या मतदारसंघाच्या आमदाराविषयी लेख, प्रबंधाचे प्रकरण किंवा निवडणुकीपूर्वीचा लेखाजोखा लिहिणारे बहुतेक जण पक्षाने छापलेल्या कार्यअहवालापासून सुरुवात करतात. तो अहवाल शेवटी वाचावा. सभागृहाची कागदपत्रे आधी वाचलेली असली, की अहवालात काय फुगवले आहे आणि काय गाळले आहे ते आपोआप लक्षात येते.

प्रथम कालखंड आणि मतदारसंघ निश्चित करावा. 2008च्या पुनर्रचनेनंतर अनेक मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आणि 2009ची विधानसभा निवडणूक नव्या सीमांनुसार झाली. म्हणून नाव तेच असले तरी त्याआधीच्या मतांच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. विजयांची संख्याही निवडणूकवार मांडून पाहावी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 पासून 11 वेळा विधानसभेवर निवडून आले, मात्र 1972 आणि 1995 या निवडणुकांत ते पराभूत झाले होते आणि त्यांच्या विजयांपैकी एक पोटनिवडणुकीतला होता. नुसत्या ‘11 वेळा’ या आकड्यातून हे खाचखळगे दिसत नाहीत.

त्यानंतर उमेदवारी अर्जासोबतची नमुना 26 मधील शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून मिळवून ओळीने लावावीत. त्यांत स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, प्रलंबित फौजदारी प्रकरणे आणि शिक्षण यांची माहिती असते. दोन शपथपत्रांतील एकूण बेरजांची तुलना करून थांबू नये. तीच जमीन दोन्हीकडे असेल आणि तिचा केवळ बाजारभाव वाढला असेल, तर त्याला नवी कमाई म्हणता येत नाही. गट क्रमांक आणि क्षेत्रफळ जुळवून पाहण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेला आरोप टिकत नाही.

खरा ऐवज विधानमंडळाच्या कामकाजात असतो. अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांचे तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, नियम 105 अन्वये दिलेल्या लक्षवेधी सूचना, नियम 293 अन्वये झालेल्या चर्चा आणि अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली, विधेयके यांची वेगवेगळी नोंद ठेवावी. प्रश्नांची केवळ संख्या मोजून आमदाराला गुण देण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि माझ्या मते ती सर्वांत दिशाभूल करणारी आहे. एकाच तारांकित प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात. त्यामुळे उपप्रश्न कोणी विचारले हे कार्यवाहीच्या प्रतिवृत्तातच पाहावे लागते.

एक प्रश्न शेवटपर्यंत वाचून पाहावा. ‘अमुक गावाच्या पाणीपुरवठा योजनेचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा त्याचा ठरलेला साचा असतो. मंत्र्यांचे उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे असेल, तर कोणता अंश खरा याचा पाठपुरावा उपप्रश्नात झाला का, मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले का आणि त्याच विषयावर पुढच्या अधिवेशनात तो आमदार पुन्हा उभा राहिला का, हे तपासावे. दहा विषयांवर एकेकदा सही करणाऱ्यापेक्षा एका विषयाचा तीन अधिवेशने पिच्छा पुरवणारा आमदार मला अधिक कामाचा वाटतो. दिलेल्या आश्वासनांचा मागोवा घेण्यासाठी आश्वासन समिती असते. तिचे अहवाल फार थोडे लोक उघडतात.

मंत्री, अध्यक्ष आणि सभापती सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांच्या नावापुढील शून्य हा दोष नव्हे. वि. स. पागे यांनी विधान परिषदेचे सभापतिपद दीर्घकाळ सांभाळले आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. या योजनेचा कायदा 1977चा आहे. प्रश्नांच्या तक्त्यात अशा कारकिर्दीचा मागमूसही लागणार नाही. मतदानाबाबतही जपून लिहावे, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी झाली नसेल तर कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद राहत नाही, आणि मतविभागणी झालीच तर पक्षादेशाचे बंधन असते.

मतदारसंघातील कामांसाठी निधीचा उगम शोधावा. आमदार स्थानिक विकास निधीतील कामांची आमदार केवळ शिफारस करतो. मान्यता जिल्हाधिकारी स्तरावर मिळते आणि काम शासकीय यंत्रणा करून घेते. ग्रामविकास विभागाच्या लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातील खर्चाचे खाते) 2515 खालील कामे, म्हणजे बोलीभाषेतील ‘पंचवीस-पंधरा’, ही वेगळी असतात आणि त्यांचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर कामांच्या यादीसह सापडतात. फलकावर ‘यांच्या प्रयत्नातून’ असे लिहिलेल्या रस्त्याचा पैसा जिल्हा परिषदेचा किंवा केंद्रीय योजनेचा निघणे ही नवलाई नाही. जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘सर्व कामांची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. आर्थिक वर्ष नमूद करून कामाचे नाव, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला या पाच बाबी मागाव्यात, आणि यादी हाती आल्यावर त्यांतील काही कामे जागेवर जाऊन पाहावीत.

एवढे झाल्यावर कार्यअहवाल उघडावा आणि त्यातील प्रत्येक दाव्यासमोर आपल्याकडील कागदाचा दिनांक लिहावा. ज्या दाव्यांपुढे जागा रिकामी राहते, त्यांची यादी आमदारांच्या कार्यालयाकडे लेखी पाठवून उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा.