ट्रेलरच्या जड फाळक्याला स्प्रिंग बसवताना या चुका टाळा

द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर दूरच्या शेतावर न्यायचा असेल, तर ट्रेलरचा मागचा फाळका जमिनीवर टेकवून त्याचाच रॅम्प करावा लागतो. खाली सोडताना त्याचे काही वाटत नाही. दिवसभराच्या कामानंतर तोच फाळका वाकून उचलताना कंबरेत कळ येते आणि मग माणूस स्प्रिंग बसवून घ्यायला वेल्डरकडे जातो. बहुतेक चुका या घाईतच होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फाळक्याचे वजन अंदाजाने सांगणे. साधा 5 मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतो, त्यामुळे जाळीच्या जागी पत्रा मारला की त्याच मापाचा फाळका कितीतरी जड होतो. आधी बिजागरीच्या पिना काढून, गंज घासून, ग्रीस भरून घ्यावे, कारण पुष्कळदा जड झालेला असतो तो फाळका नव्हे, तर वाकलेली पिन जाम झालेली असते. मग फाळका जमिनीला समांतर आणून त्याच्या मोकळ्या टोकाखाली वजनकाटा ठेवावा. काट्याने 40 किलो दाखवले, तर तेवढेच वजन तुमच्या हातांवर येते आणि फाळक्याचे एकूण वजन साधारण त्याच्या दुप्पट असते. पावसाळ्यात जाळीत काळी माती थापली जाते, तिचेही वजन हिशेबात धरावे.

दुसरी चूक आमच्या स्वतःच्या ट्रेलरवर झाली. फाळका दीड मीटर लांब आणि 80 किलो वजनाचा होता. त्याला 800 न्यूटनच्या दोन गॅस स्प्रिंगा, म्हणजे आतल्या दाबाच्या वायूने दांडा बाहेर ढकलणाऱ्या नळ्या, लावल्या. दोन्ही मिळून जोर साधारण 160 किलोचा, म्हणजे वजनाच्या दुप्पट, तेव्हा फाळका बोटावर उचलला जाईल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात टोकाशी तो जेमतेम साडेसहा किलोंनी हलका झाला. कारण स्प्रिंगचे टोक बिजागरीच्या इतके जवळ जोडले होते की फाळका आडवा असताना स्प्रिंगच्या रेषेचे बिजागरीपासूनचे लंबांतर अवघे 6 सेंटीमीटर राहत होते. आडव्या फाळक्याचे वजन बिजागरीपासून 75 सेंटीमीटरवर काम करते. त्याच्यासमोर 6 सेंटीमीटरच्या तरफेचा निभाव लागत नाही. तेच अंतर 20 सेंटीमीटर ठेवले आणि 1100 न्यूटनच्या दोन स्प्रिंगा घेतल्या, तेव्हा हाताला फक्त दहा किलोंच्या आसपास वजन उरले. म्हणून दुकानात स्प्रिंगचा आकडा विचारण्याआधी ती कोठे जोडायची, हे कागदावर मापाने काढून घ्यावे.

हे दहा किलो मुद्दाम उरू दिले आहेत. संपूर्ण वजन पेलणारी स्प्रिंग निवडली, तर फाळका जमिनीवर टेकून राहत नाही आणि टिलर चढवण्याच्या ऐन वेळी टोक वर उसळते. शिवाय फाळका उभा होत जातो तसा त्याच्या वजनाचा जोर झपाट्याने कमी होतो, पण गॅस स्प्रिंग मात्र जवळजवळ तेवढ्याच ताकदीने ढकलत राहते. शेवटच्या हातभर अंतरात फाळका बॉडीवर आपटतो आणि कडीजवळ धरलेली बोटे त्यात सापडतात. ताणाच्या, म्हणजे ताणली की ओढ देणाऱ्या, स्प्रिंगचा जोर फाळका वर येताना आपोआप ओसरतो, म्हणून शेतीच्या ट्रेलरसाठी पाइपात बसवलेली स्प्रिंग, कप्पी आणि वायर रोप ही जोडणी मला अधिक योग्य वाटते. गॅस स्प्रिंगच्या दांड्यावर धूळ बसून चरे पडतात आणि सील गळू लागते. तापमानाचाही तिच्यावर परिणाम होतो. थंडीतली 10 अंशांची पहाट आणि उन्हाळ्यातली 43 अंशांची दुपार यांत तिचा जोर सुमारे 12 टक्क्यांनी बदलतो.

रुंद, जड फाळक्याला एकाच बाजूने ओढ दिली, तर चौकट पिळवटते आणि बिजागरी पुन्हा जाम होते, म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच जोडणी हवी. वायर रोपच्या क्लॅम्पचे खोगीर (दोर ज्यात बसतो तो खाचेचा भाग) भार घेणाऱ्या दोराच्या अंगाला आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीच्या अंगाला असावा. उलटा लावला की बोल्ट भाराचा दोरच चेपतो.

स्प्रिंग बसवली म्हणून कडी, पिन आणि साखळी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. रस्त्यावरच्या हादऱ्यांत फाळका धरून ठेवणे हे स्प्रिंगचे काम नाही. दुरुस्तीसाठी ताणाची स्प्रिंग सोडवायची असेल, तर फाळका उभा करून साखळीने घट्ट बांधावा आणि मगच बोल्ट सैल करावा, कारण फाळका खाली असताना स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते. गॅस स्प्रिंगमध्ये मोठ्या दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे ती कापू नये, तिला वेल्डिंग करू नये आणि शेजारी वेल्डिंग करायचे असेल, तर ती आधी उतरवून ठेवावी.